घरी काढलेल्या रात्री

सरकारच्या लेखी माझी मुलगी ज्या रात्री दवाखान्यात भरती होती, तेवढ्याच रात्री आजारी होती. ज्या रात्री मी तिचे पाय मांडीवर घेऊन बसले, तिच्या बाबांनी दर तासाला गरम पाण्याची पिशवी बदलली आणि सकाळी आम्ही तिघंही न झोपताच आपापल्या कामाला लागलो, त्या रात्रींची कुठंच नोंद नाही.

मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत काम करते. कर्जाला आलेल्या माणसाला ‘आधी कागद आणा’ असं दिवसभर मीच सांगत असते. सातबारा नसेल, तर त्याच्या बांधीत धान कितीही डोलत असलं तरी माझ्या टेबलावर ते शेत नाही. तेव्हा कागदाचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको होतं. मला उशिरा कळलं ते वेगळंच. दिव्यांग प्रमाणपत्राच्या वाटेवर, ज्या घरात आजार नीट सांभाळला जातो त्या घराची फाइल कोरी राहते.

मनूला सिकलसेल आहे. डबल एस, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आलेला. पूर्व विदर्भात एवढं म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना मात्र दर लग्नात पहिल्यापासून सांगावं लागतं. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. हिच्या अंगात प्राणवायू किंवा पाणी कमी पडलं, थंडी वाजली, ताप आला की त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढं रक्त जाऊ देत नाहीत. जिथं अडकतात तिथं दुखतं. चांगली पेशी चार महिने जगते, ही दोन-तीन आठवड्यांत मरते, म्हणून रक्त कायम कमी. हिमोग्लोबिन आठ आलं तर आमच्या घरी आनंद असतो. आई-बाप दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसून आजार पुढं देणारे असले, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता असते. आम्ही दोघं वाहक आहोत हे आम्हाला लग्नात नाही, मनू झाल्यावर कळलं.

तिचं वर्ष भरायच्या आत दोन्ही हात आणि पावलं सुजली. बोटं टम्म, हात लावू देईना. सासूबाई म्हणाल्या वात आहे, शेजारच्या काकू म्हणाल्या नजर लागली, आणि गावातल्या डॉक्टरांनी जंतुसंसर्गाचं औषध दिलं. सूज उतरली, पुन्हा आली. शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लॅबवाल्या भाऊंनी तिची बोटं बघितली आणि कुणी न सांगता सिकलसेलची पहिली, सोल्युबिलिटीची तपासणी लावली. लहान बाळाचे हातपाय असे सुजणं ही बऱ्याचदा सिकलसेलची सर्वांत आधी दिसणारी खूण असते, हे त्यांना ठाऊक होतं. पुढं खात्री करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीचा रिपोर्ट आला, तिला लाल कार्ड मिळालं आणि आम्हा दोघांना वाहकांचं पिवळं.

हा आजार काही काल आलेला नाही. भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये, निलगिरीच्या आदिवासींमध्ये. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. म्हणजे आमच्या आजीच्या पिढीत, नागपुरात बसून कुणीतरी हे ओळखलं होतं, आणि आमच्या गावात मात्र पन्नासहून जास्त वर्षांनंतरही त्याला वात म्हणत होते. याचं एक कारण सगळ्यांना माहीत आहे पण बोलत कुणी नाही. हा रोग ‘त्यांचा’ मानला गेला. कधी महारांचा, कधी गोंडांचा, कधी माडियांचा. प्रत्यक्षात तेली-कुणब्यांतही तो आहेच. रिपोर्ट आला की सोयरिकीला अडथळा नको म्हणून लोक पिवळं कार्ड ट्रंकेच्या तळाशी ठेवतात. आमच्याच नात्यातल्या एका घरी कार्ड आहे हे मला माहीत आहे, मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे, आणि आम्ही हवापाण्याच्या गोष्टी करतो.

घरी सांभाळायचं म्हणजे काय, ते आम्ही हळूहळू शिकलो. पाणी सतत. शाळेच्या दप्तरात दोन बाटल्या. थंडीत आंघोळ उन्हं वर आल्यावर, पायमोजे डिसेंबर लागायच्या आत. फॉलिक ॲसिडची गोळी रोज. दुखण्याचे झटके कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल रोज, आणि ती घेताना मधूनमधून रक्त तपासायचं, कारण पांढऱ्या पेशी खाली जाऊ शकतात. पोटात डावीकडं बरगडीखाली बोटं लावून प्लीहा वाढली का ते चाचपायला सिस्टरांनी शिकवलं. तो तिचा आणि माझा रात्रीचा गुदगुल्यांचा खेळच होऊन गेला. दुखायला लागलं की पॅरासिटामॉल, गरम शेक, पाणी, आणि कुणीतरी जवळ बसणं. ताप चढला, छातीत दुखलं, श्वास लागला, पोट फुगलं, चेहरा एकदम पांढरा पडला किंवा हातापायातलं बळ गेलं, तर मात्र एक मिनिट न थांबता दवाखाना. यातलं काही नसेल तर घरी निभतं. हे सगळं आम्हाला सरकारी यंत्रणेनंच शिकवलं. आशाताई, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, जिल्ह्याच्या ठिकाणी समुपदेशनाला बसलेल्या ताई, सगळ्यांनी एकच सांगितलं: नीट काळजी घ्या, म्हणजे भरती करायची वेळ येणार नाही. आम्ही घेतली. वेळ फारशी आली नाही.

आता कायद्याकडं येते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि त्यात रक्ताचे आजार नव्हते. २०१६ मध्ये नवा कायदा झाला, १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला, आणि प्रकार एकवीस झाले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे तीन त्यात आले. हे आपोआप झालं नाही. नागपूरचे संपत रामटेके आपल्या मुलाच्या आजारामुळं या कामात उतरले आणि आयुष्यभर सिकलसेलच्या लोकांसाठी झटले. त्यांना २०१८ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांच्यासारख्या माणसांनी गावोगाव शिबिरं घेतली नसती, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या नसत्या, तर माझ्या मुलीचं दुखणं आजही कायद्याच्या बाहेरच असतं. म्हणून कायद्याला नावं ठेवताना मी जपून ठेवते.

पण कायद्यात नाव येणं वेगळं आणि त्याचा हात हाताला लागणं वेगळं. बहुतेक सवलती चाळीस टक्के दिव्यांगत्वापासून सुरू होतात. आणि टक्के ठरवायचे म्हणजे काय मोजायचं? पाय तुटला असेल तर कुठून तुटला ते दिसतं. कान किती ऐकतो ते यंत्र सांगतं. सिकलसेलमध्ये बघतात ते वेदनेचे झटके किती आले, रक्त किती वेळा चढवलं, कुठल्या अवयवाला इजा झाली. तत्त्व म्हणून यात खोट काढायला जागा नाही. फक्त झटका ‘आला’ हे सिद्ध करायला कागद लागतो, आणि तो दवाखान्याच्या दारातच तयार होतो.

स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला तेव्हा मनू सात वर्षांची होती. आमच्याकडं टक्के ठरवणारं डॉक्टरांचं बोर्ड बुधवारी बसायचं. त्या व्हरांड्यात मी पहिल्यांदा एवढे वेगवेगळे लोक एका रांगेत बघितले. मळणीयंत्रात हात गेलेला एक तरुण, डोळ्यांवर काळा चष्मा घातलेले एक आजोबा आणि त्यांना धरून आलेली नात, आणि एक आई, जिच्या कडेवर नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता, मान तिच्या खांद्यावर टाकलेली. बाकड्यावर जागा मिळाली तशी ती बसली आणि तिनं मनूकडं बघून मला विचारलं, “कोनासाठी आल्या जी?”

“हिच्यासाठी.”

“पोरगी तं मस्त दिसते.”

तिच्या बोलण्यात खोचकपणा नव्हता. ती खरंच खूश झाली होती एखादं धडधाकट लेकरू बघून. मी मात्र त्या रांगेत चोरासारखी अंग चोरून बसले. तिच्या मुलाच्या आणि माझ्या मुलीच्या दुखण्यात कुणाचं मोठं, असं कुणी विचारत नव्हतं, तरी मी मनातल्या मनात उत्तर तयार करत होते.

आत गेल्यावर डॉक्टरांनी फाइल नीट वाचली. हे मुद्दाम लिहिते, कारण डॉक्टर फाइल वाचतच नाहीत असं म्हणायची पद्धत आहे. त्यांनी वाचली.

“मागच्या वर्षात भरती किती वेळा?”

“एकदा.”

“रक्त?”

“एकदाच, लहान असताना.”

“मग तब्येत चांगली ठेवली आहे तुम्ही.”

“सर, दुखतं. थंडीत तर कधीकधी आठवड्याला दुखतं. शाळा बुडते.”

“त्याचे पेपर आहेत?”

माझ्याकडं आरोग्य केंद्राच्या चिठ्ठ्या होत्या, त्यावर हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड, महिन्यामागून महिना. त्यांनी त्या उलटून बघितल्या आणि शांतपणे म्हणाले, “गोळ्या चालू आहेत हे दिसतं. दुखणं दिसत नाही.”

मग मी बोलायला लागले. ती काय काय करू शकत नाही, ते सांगायला लागले. खेळाच्या तासाला बसून राहते, सहलीला पाठवत नाही, तलावात पोहायला जाता येत नाही, रात्री ओरडत उठते, तिसऱ्या मजल्यावर वर्ग असता तर चढू शकली नसती. एकेक वाक्य खरं होतं, पण मी ते घरी कधीच म्हटलं नव्हतं. घरी आम्ही उलटं बोलतो. तुला सगळं येतं, थोडं सांभाळून करायचं, एवढंच. आणि ती माझ्या शेजारी उभी राहून ऐकत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“आई, मी धावते न. परवा धावली न मी.”

डॉक्टर हसले, बाजूचे क्लार्क हसले. मीही हसले, पण आतून मला ती गप्प राहायला हवी होती. आपलं मूल ‘मी धावते’ म्हणतंय आणि त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो, अशी जागा त्या खोलीखेरीज मला आयुष्यात कुठं भेटली नाही. डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांच्यासमोर तक्ता होता, तक्त्यात रकाने होते, आणि रात्रीच्या शेकाला रकाना नव्हता.

टक्के चाळीसच्या खाली आले. म्हणजे सिकलसेल आहे हे मान्य, पण त्यामुळं काही मिळणार नाही.

बाहेर आल्यावर दुसरीच एक बाई भेटली, गडचिरोलीकडची, तिची दोन्ही मुलं डबल एस. तिनं माझा कागद बघितला आणि मला बाजूला घेतलं. “घरी नका ठेवू ताई. दुखलं की भरती करत जा. भरती केल्याबिगर कागद होत नाही.” तिनं हे इतक्या सहज सांगितलं की मला आधी कळलंच नाही ती काय सुचवते आहे. आरोग्य खात्यानं आम्हाला शिकवलं होतं की भरतीची वेळ येऊ देऊ नका. आता त्याच आवारात, त्याच आजाराची एक आई मला शिकवत होती की वेळ आणा.

त्याच डिसेंबरात एका रात्री मनूच्या कमरेत आणि मांडीत दुखायला लागलं. ताप नव्हता. श्वास ठीक. पोट मी चाचपलं, मऊ होतं. आमच्या घरच्या हिशेबानं ही घरी निभणारी रात्र होती. मी पाणी गरम करायला ठेवलं. हे मोटर रिवाइंडिंगचं काम करतात, कमी बोलतात. त्यांनी मोटारसायकलची चावी हातात घेतली आणि म्हणाले, “चल, नेऊ.”

मी का म्हणून विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. मनूला शालीत गुंडाळून आम्ही निघालो. वॉर्डात एका पलंगावर दोन मुलं होती. सलाइन लागलं, इंजेक्शन दिलं, पहाटे तिला झोप लागली, जी घरी कदाचित तासभर आधीच लागली असती. सकाळी डिस्चार्ज कार्ड मिळालं तेव्हा मी सर्वांत आधी झेरॉक्सच्या दुकानात गेले.

त्या रात्रीचा पलंग कुणाला तरी जास्त गरजेचा असेल, हा विचार तेव्हाही आला होता, आताही येतो. पण मी पुन्हा तसंच करेन, आणि केलंही. पुढच्या हिवाळ्यांत घरी काढता येण्यासारख्या काही रात्री आम्ही वॉर्डात काढल्या. मला जास्त त्रास दिला तो दुसऱ्याच गोष्टीनं. मुलीच्या कपाळावर हात ठेवून ताप बघताना डोक्यात टक्के येऊ लागले. तिचं दुखणं कमी असावं असं वाटताना त्याच वेळी ते नोंदलं जाण्याइतकं असावं, असंही वाटू लागलं. कुठल्याही आईला असं वाटायला लावणारी पद्धत कितीही शास्त्रशुद्ध असली, तरी तिच्यात काहीतरी तिरकं आहे.

दुसऱ्यांदा बोर्डासमोर गेलो तेव्हा फाइल जाड होती. मनूही मोठी झाली होती, तिनं मध्ये काही बोलून दाखवलं नाही, जमिनीकडं बघत उभी राहिली. टक्के चाळीसच्या वर गेले. प्रमाणपत्र तात्पुरतं, काही वर्षांच्या मुदतीचं.

आता यूडीआयडी कार्डांना, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रांना, रंग आहेत. चाळीसच्या खाली पांढरं, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळं, त्यावर निळं. म्हणजे आमच्या घरी मनूचं लाल कार्ड, आमची दोघांची वाहकाची पिवळी, आणि तिचं दिव्यांगाचं पिवळं. ज्या पिवळ्या कार्डाचा खरा उपयोग झाला असता ते रेशनचं. ते आमचं केशरी आहे.

मिळालं काय, हे लोक विचारतात, तर ते सांगते. एसटीत सिकलसेलच्या रुग्णांना राज्यानं मोफत प्रवास दिला आहे. जिल्ह्याच्या दवाखान्यात महिन्याला जायचं तर तो खरा आधार आहे. दहावीच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटं जास्तीची मिळतील. तळहात दुखत असताना पेपर लिहिणाऱ्या मुलीला ती वीस मिनिटं काय असतात, हे मी इथं वर्णन करत बसत नाही. पुढं कॉलेजात गेली तर उच्च शिक्षणातल्या पाच टक्के राखीव जागांत तिचं नाव बसेल. आयकरात पालकांना पंच्याहत्तर हजारांची वजावट आहे, पण ती जुन्या पद्धतीनं कर भरणाऱ्यांना, आणि आमचा कर भरण्याइतका पसाराच नाही.

संजय गांधी निराधार योजनेचं तर विचारूच नका. १९८० पासून चालत आलेली ही योजना, आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी महिन्याची रक्कम पंधराशेवरून अडीच हजार करायचं राज्यानं ठरवलं, हे चांगलंच झालं. पण दिव्यांगांच्या घराची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला पन्नास हजार. महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट रुपये. दिवसाला एकशे सदतीस. रोजगार हमीवर माणूस बारमाही कामाला गेला तरी यापेक्षा जास्त कमावतो. म्हणून होतं असं, की खरोखर गरीब असलेल्या माणसालाही दाखल्यावर खोटा आकडा लिहून घ्यावा लागतो. मी कर्जाच्या फाइलींत एकाच माणसाचे दोन उत्पन्नाचे दाखले बघितले आहेत, एक योजनेसाठी आणि एक बँकेसाठी. त्याला फसवणूक म्हणायची माझी हिंमत होत नाही. मर्यादा ठरवणाऱ्यानंच त्याला दुसरा दाखला काढायला लावला.

आणि एक गोष्ट, जी व्हरांड्यातल्या बऱ्याच पालकांना माहीत नसते. सरकारी नोकरीत दिव्यांगांना चार टक्के आरक्षण आहे. कायद्याच्या ३४ व्या कलमात ते कुणाला, याची यादी आहे: अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग आणि त्याबरोबर सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचे आजार वगैरे, मग स्वमग्न, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरे, आणि यांतले एकाहून जास्त असलेले. रक्ताचे आजार त्या यादीत नाहीत. एकवीसमध्ये मोजताना आम्ही आहोत, नोकरी देताना नाही. सिकलसेलचा माणूस नोकरीसाठी पुरेसा सुदृढ समजला जातो, आणि मुलाखतीला बसलेला मालक मात्र त्याच्या रजांचा हिशेब आधी मांडतो.

२०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून देशभर गाजावाजा झाला. त्यानंतर राज्यात प्रमाणपत्रांची पडताळणी सुरू झाली. ती व्हायलाच हवी होती. खोट्या प्रमाणपत्रानं जी जागा जाते ती त्या व्हरांड्यातल्या खऱ्याच माणसाची जाते. पण संशय वाढला की त्याचा भार बरोबरीनं वाटला जात नाही. पाय नसलेल्या माणसाकडं कुणी संशयानं बघत नाही. ज्याचं दुखणं दिसत नाही त्याच्याकडं बघतात. आमच्या ओळखीचा एक सिकलसेलचा तरुण म्हणतो, “लंगडत जातो काकू आता, सवयच लावून घेतली.” आम्ही त्यावर हसलो. त्याच्या खुब्याचं हाड खरंच झिजत चाललंय, रक्त न पोचल्यामुळं, पण ते एमआरआयमध्ये दिसतं आणि एमआरआय करायला त्याला वेळ मिळालेला नाही.

त्याच २०२४ च्या ऑक्टोबरात नियम बदलले. पूर्वी प्रमाणपत्राचा निर्णय महिन्याभरात द्यायचा होता, आता तीन महिने. मुदत वाढवून उशीर कमी करायची ही युक्ती मला पतसंस्थेत आधी सुचायला हवी होती.

आता मनूच्या प्रमाणपत्राची मुदत संपत आली आहे. आणि अडचण अशी, की तिची तब्येत सुधारली आहे. हायड्रॉक्सियुरियाचा गुण आला. झटके कमी झाले, वजन वाढलं, मागचा हिवाळा एकदाही भरती न होता गेला. हे वाक्य लिहिताना मला नुसता आनंद व्हायला हवा. पण गोळी बंद केली तर ती पुन्हा पहिल्या जागी येईल, हे तिला औषध देणारे डॉक्टरच सांगतात. बरी आहे ती गोळीमुळं, घरच्या जपणुकीमुळं. आजार रक्तात जसा होता तसाच आहे. मग मोजायचं काय? गोळी खाऊन उभी असलेली मुलगी, की गोळीखाली दबलेला आजार? चष्मा लावून नीट दिसणं आणि आजार औषधानं आटोक्यात असणं यात फरक आहे. चष्म्याला दर काही महिन्यांनी रक्त तपासावं लागत नाही.

मला काही फार मोठं मागायचं नाही. दुखण्याचे पुरावे आमच्या गावातच आहेत, फक्त ते चुकीच्या कपाटात आहेत. आशाताईच्या वहीत मनूचं नाव आहे, ती कधी घरी येऊन गेली ते आहे. आरोग्य केंद्रात तिच्या कॅप्सूलचा हिशेब आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवून. तेव्हा सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठरलं आणि नोंदी संगणकावर आहेत. शाळेचं हजेरीपत्रक आहे. थंडीतल्या तिच्या गैरहजेऱ्या कुणीही मोजून बघाव्यात. बोर्डाच्या टेबलावर डिस्चार्ज कार्डाशेजारी ही वही, हा हिशेब, हे हजेरीपत्रक ठेवायची मुभा द्यावी. एवढं झालं तर घरी रात्र काढणाऱ्या आईला वॉर्डातला पलंग अडवावा लागणार नाही. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर येईल, हे मला कळतं. त्यांना त्याचे पैसे द्यावेत.

मनू आता तेरा वर्षांची आहे. नूतनीकरणाचा अर्ज या वेळी तिनंच भरायला घेतला, मी शेजारी बसले. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि मोबाइलवर बोटं जास्त भराभर चालतात. दुखलेल्या रात्रींची एक वहीही तिनं स्वतःच धरली आहे, तारीख, कुठं दुखलं, किती वेळ. बोर्ड ती वही बघेल की नाही ठाऊक नाही, पण तिला ती सोबत न्यायची आहे, आणि या वेळी डॉक्टरांनी काही विचारलं तर उत्तर ती देणार, मी नाही, हे तिनं मला आधीच बजावून ठेवलंय.

अर्जात एका ठिकाणी विचारलं होतं, दिव्यांगत्व जन्मापासून आहे का. ती थांबली. “जन्मापासून आहे, पण रोज नाही. असं कुठं लिहू?”

तिथं लिहायला जागाच नव्हती. होय किंवा नाही. तिनं ‘होय’वर बोट ठेवलं, नाक मुरडलं आणि पुढच्या पानावर गेली. तिथं फोटो मागितला होता, आणि आमचा फोटो ठरलेल्या आकाराहून मोठा निघाला. आता सेतू केंद्रात जाऊन तो लहान करून आणायचा आहे.